सोवळ्यातलं मत

१९६४ सालच्या महापालिका निवडणुकीच्या दिवशी, तिरुवल्लिक्केणीतल्या आमच्या गल्लीच्या शाळेबाहेर एक गृहस्थ लोकरी कोट घालून उभे होते. मद्रासमध्ये लोकरी कोट घातलेली माणसं मी दोनच जातींची पाहिली आहेत. एक, उटीची गाडी पकडायला निघालेली आणि दुसरी, लग्नाच्या फोटोपुरती कोट उसना आणलेली. हे गृहस्थ दोन्हींतले नव्हते. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि हवा इडलीच्या भांड्यात असते तशी झाली होती. कोटाची चारही बटणं लावलेली. कानामागून घामाचे ओघळ निघून कॉलरमध्ये लुप्त होत होते. जाणारा-येणारा थांबून काळजीनं विचारत होता, "सार, ताप आहे का?"

"नाही," ते म्हणत. "मत द्यायला आलोय."

जणू मत द्यायला कोट लागतोच.

हे चंद्रमौळीराव. माझे घरमालक, आणि मी आजवर पाहिलेला सर्वांत सरळ माणूस. सर्वांत सरळ माणसाच्या हातून एकदा वाकडं झालं की काय होतं, ते या कोटात शिवलेलं आहे.

मी मूळचा मिरजेचा. विमा कंपनीनं सत्तावन साली मला मद्रासला उचलून टाकलं आणि चंद्रमौळीरावांच्या माडीवरच्या खोलीत येऊन पडलो. ही मंडळी तंजावरची. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी राजांच्या मागोमाग तिकडे गेले ते परत यायचे विसरले. मराठी मात्र बरोबर नेली होती आणि ती तशीच घडी करून जपली होती. पहिल्या दिवशी चंद्रमौळीराव मला "यावें, बैसावें" म्हणाले, तेव्हा माझ्या मागून कुणी सरदार आला की काय म्हणून मी वळून पाहिलं. त्यांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण पुण्याचा. "मिरजेचा" म्हणून मी तीनदा सांगितलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "पुण्याजवळच की," म्हणून त्यांनी माझी समजूत घातली.

नोकरी महापालिकेत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खात्यात. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही तारीख इकडची तिकडे केली नव्हती. शाळेत एक वर्ष आधी घालायचं म्हणून पोराचं वय वाढवून मागायला सख्खा मेव्हणा आला, त्याला कॉफी पाजून परत पाठवला. स्वतःच्या मुलीची, विद्युलतेची, नोंद चार दिवस उशिरा झाली. तर त्यांनी स्वतःच्या नावे खुलासा मागवला, स्वतःच लिहून दिला आणि त्यावर 'समाधानकारक नाही' असा शेरा मारला. नाव सांगितल्याशिवाय ते कुणालाही जन्मू देत नसत की मरू देत नसत. "'अमक्याची बायको' हे नाव नव्हे," म्हणून ते लोकांना खिडकीवरून परत धाडत. "नाव घेऊन या."

घरात चौघं. ते, पत्नी विजयलक्ष्मी, विद्युलता आणि अक्का.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्रिपुरसुंदरी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी पांढरं लुगडं, आणि एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत. त्या वेळी चंद्रू तीन वर्षांचा होता आणि आई नुकतीच गेली होती. अक्कानं त्याला वाढवला. पुढे चंद्रू मोठा झाला, त्यानं अक्काला सांभाळलं. दोघांची वाटणी अशी झाली होती: घरात काय शिजेल ते अक्का ठरवणार, आणि बाकी जगात काय होईल ते चंद्रू ठरवणार. अक्काला काय वाटतं, हे तिला विचारायची पाळीच येत नसे. चंद्रूला ते ठाऊक असे.

अक्काचं सोवळं कडक. पहाटे ओलेतं नेसायचं, दुपारी पूजा-नैवेद्य होऊन जेवण होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. काही घ्यायचं तर ओंजळ पुढे करायची, देणाऱ्यानं वरून सोडायचं. काही द्यायचं तर तिनं वरून सोडायचं. मी माडीवरून उतरलो की ती माझ्या हातात वितीच्या उंचीवरून लाडू सोडी. पहिले दोन लाडू जमिनीवर फुटले. मग माझा झेल सुधारला. मिरजेला मी क्रिकेटमध्ये इतका कधीच चांगला नव्हतो.

आता एकोणसाठ सालाकडे येतो.

त्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत मद्रास शहर ढवळून निघालं होतं. इतकी वर्षं काँग्रेसच्या हातात असलेली महापालिका या खेपेला जाणार, अशी हवा होती. भिंतीभिंतींवर एकीकडे बैलजोडी आणि दुसरीकडे द्राविड मुन्नेट्र कळघमचा उगवता सूर्य. आमच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे वॉर्डात, बैलांकडून वेदाचल मुदलियार. जुने कौन्सिलर, पोट सुटलेले, मनाचे सढळ. गल्लीतला नळ त्यांनी आणलेला. सूर्याकडून उभा होता कदिरवेलन. गल्लीच्या तोंडाशी ज्याचं शिवणकामाचं दुकान होतं, तोच. वय तेहतीस, दोन मशिनं, एक काज-बटणं करणारा माणूस, आणि भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी. तिसरा एक अपक्ष होता, छत्रीवाला; त्याला त्याच्या घरच्यांनीही विचारलं नाही.

मुदलियार प्रचाराला आले ते चंद्रमौळीरावांच्या ओट्यावर बसले. या ओट्याला तिकडे तिन्नै म्हणतात. घोटभर कॉफी घेऊन म्हणाले, "रावगारू, तुमच्याकडची तीन मतं माझीच ना?" विद्युलतेला अजून मत नव्हतं.

"म्हणजे काय!" चंद्रमौळीराव म्हणाले. "तुमच्या नळावरच अक्काचं सोवळं चालतं."

हे खरंच होतं. त्यात चूक एकच होती. अक्का आत दाराआड उभी होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बावन सालच्या पहिल्या निवडणुकीत अक्काचं नाव यादीत नव्हतं. नावं लिहायला आलेल्या माणसाला चंद्रमौळीरावांनी घाईत सांगितलं होतं, "आणि माझी बहीण." त्यानं तसंच लिहून घेतलं: 'चंद्रमौळी यांची बहीण'. असली बिननावाची नावं पुढे यादीतून गळली. ऑफिसच्या खिडकीत बसून जगाला नाव विचारणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातलं नाव सांगितलं नव्हतं. सत्तावनला नाव आलं, तर नेमकं चुलतभावाचं सुतक पडलं. तेव्हा एकोणसाठ साली त्रेसष्टाव्या वर्षी ती आयुष्यातलं पहिलं मत देणार होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी, आमच्या शाळेवर नेमलेल्या केंद्राधिकारी मास्तरांना गालगुंड झालं. वरिष्ठांनी हाताशी असलेला सरळ माणूस उचलला आणि चंद्रमौळीराव आपल्याच गल्लीच्या केंद्रावर अधिकारी म्हणून जाऊन बसले.

त्या वेळची पद्धत हल्लीच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्या केंद्रावर तेव्हा चिठ्ठीवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पडद्याआड टेबलावर तीन पेट्या ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीवर चित्र: बैल, सूर्य, छत्री. मतदारानं एकट्यानं आत जायचं आणि हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीच्या फटीत सारायची. बस.

साडेदहाच्या सुमारास अक्का आली. ओलेत्या पांढऱ्या लुगड्यात, रस्त्याच्या कडेकडेनं, अंगावर कुणाची सावलीही न घेता. रांगेनं तिला वाट दिली. शाई लावणाऱ्या कारकुनापुढे तिनं बोट धरलं आणि म्हणाली, "वरून सोड." त्यानं काडीनं शाई वरून सोडली. मतपत्रिकाही त्यानं ओंजळीत वरून सोडली. तो मैलापूरचा होता, त्याच्या घरीही अशी एक आजी होती. चंद्रमौळीरावांकडे तिनं पाहिलंही नाही, कारण ते सरकारी कामावर होते. पडद्याआड गेली, आली, घरी गेली.

दहा मिनिटांनी, पेट्यांवरची चित्रं शाबूत आहेत ना हे बघायला चंद्रमौळीराव नियमाप्रमाणे आत गेले. टेबलावर, बैलांची पेटी आणि सूर्याची पेटी यांच्या मधोमध, एक मतपत्रिका पडली होती. उचलली तर ओली. ओंजळीत धरलेल्या कागदाला येते तशी, कडेनं ओली.

काय झालं ते त्यांना लख्ख दिसलं. सकाळपासून अठरा जातींचे हात लागलेली पेटी. अक्का तिला शिवते कशाला? घरी पूजा व्हायची, नैवेद्य व्हायचा. तिनं वितीवरून कागद सोडला आणि फट हुकली. मी लाडू हुकवायचो तशी.

नियम स्पष्ट होता. पेटीबाहेर सापडलेलं मत रद्द. पाकिटात घालायचं, मोहोर लावायची. पाकीट बाहेर टेबलावर होतं. चार पावलं.

ती चार पावलं चंद्रमौळीरावांना टाकवेनात. "हातात कागद होता," ते मला पुढे म्हणाले, "आणि मला बावन सालचा तो माणूस दिसायला लागला, वही घेतलेला. मी म्हटलं, एकदा मी तिचं नाव घालवलं. आता मतही मीच पाकिटात घालू? मी तिला ओळखतो. साठ वर्षं नव्हे, पन्नास तरी ओळखतो. तिला कुणाला द्यायचं होतं मला ठाऊक होतं."

आणि सत्तावीस वर्षं तारखेचा एक आकडा न हलवलेल्या माणसानं पडद्याआड, एकट्यानं, ती मतपत्रिका बैलांच्या पेटीत सारली.

बाहेर आले तेव्हा त्यांना वाटत होतं की आपण बहिणीचं एक जुनं देणं फेडलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. महापालिकेत सत्ता फिरली. शहरभर काळे-लाल झेंडे, ढोल, फटाके, साखर वाटणं. आमच्या डिव्हिजनमध्ये मात्र वेदाचल मुदलियार निवडून आले. किती मतांनी? एका. फेरमोजणी झाली. एकच. ओला कागद तोवर वाळून बाकीच्या कागदांसारखाच झाला होता.

संध्याकाळी आमच्या गल्लीत तऱ्हेवाईक देखावा होता. जिंकलेले मुदलियार, पक्ष हरला म्हणून घरात तोंड पाडून बसले होते. आणि हरलेला कदिरवेलन, पक्ष जिंकला म्हणून मिरवणुकीत पुढे होऊन नाचत होता. नाचता नाचता मध्येच त्याला आठवे, की मग तो दोन पावलं नुसताच चाले.

चंद्रमौळीराव घाईघाईनं घरी आले. अक्का वाती वळत बसली होती.

"अक्का! तुझा माणूस आला की निवडून! एका मतानं!"

अक्कानं वात खाली ठेवली नाही. "माझा कुठला आला? माझा पडला."

"म्हणजे?"

"मी सूर्याला टाकलं की. त्या शिंप्याला."

मी जिन्यावर उभा होतो. चंद्रमौळीरावांनी खांबाला हात लावला तो मला दिसला. का लावला ते कळायला मला पाच वर्षं लागली.

"त्याला? अक्का, ती कळघमची मंडळी देव मानत नाहीत!"

"मी विचारलं तसं. 'तू देव मानत नाहीस म्हणे?' तर म्हणाला, 'नाही मानत, अम्मा. तुम्ही मानता त्याला माझी हरकत नाही.' मी म्हटलं, 'सरी. तू मानत नाहीस त्याला माझीही नाही.'"

"तो कधी आला होता?"

"तू ऑफिसात असताना. दोनदा. पहिल्यांदा आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी म्हटलं, घरात पुरुषमाणूस नाही. तर म्हणतो, 'मी तुम्हालाच विचारायला आलो, अम्मा. तुमचं मत कुणाला?' मी म्हटलं, विचार करून सांगते. 'करा, मी परत येतो,' म्हणून म्हटला. आणि परत आला, चंद्रू! खरंच परत आला."

वात पुरी झाली. तिनं दुसरी घेतली. "त्रेसष्ट वर्षांत मला कुणी काही विचारून, उत्तर ऐकायला परत आलं नव्हतं. बिचारा एका मतानं पडला. माझं एक कमी पडलं असतं तर दोनानं पडला असता, नाही?"

चंद्रमौळीरावांनी मनात हिशेब केला आणि तो त्या रात्रीपासून त्यांच्या मनातून गेला नाही. अक्काचा कागद पाकिटात गेला असता तर बरोबरी. बरोबर पेटीत पडला असता तर शिंपी कौन्सिलर.

अपराधी माणसाला दोन वाटा असतात. एक, ज्याचा अपराध केला त्याचं तोंड चुकवायचं. दुसरी, त्याच्या समोरून हलायचंच नाही. चंद्रमौळीरावांनी दुसरी धरली. चौथ्या दिवशी ते कदिरवेलनच्या दुकानी जाऊन सदऱ्याचं माप देऊन आले. पुढच्या आठवड्यात आणखी एका सदऱ्याचं. मग उशांचे अभ्रे. मग रेडिओला झालर लावलेला झगा. मग ऑफिसच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांना कापडी अंगरखे. मद्रासमध्ये मेलेल्या माणसाला इतक्या टापटिपीनं पूर्वी कुणी ठेवलं नव्हतं.

"अहो, लग्नबिग्न ठरवलंत का कुणाचं, आम्हांला न सांगता?" विजयलक्ष्मीबाई विचारत. "माणसाला अंग किती, सदरे किती!"

आणि दुकानात बसलं की तोच विषय.

"एक मत म्हणजे किती असतं, सार?" टाचण्या तोंडात धरून कदिरवेलन म्हणे. चिडून नव्हे, नवल वाटून. "माझा मेव्हणा एन्नोरला बारशाला गेला, ते एक. समोरचा पानवाला चष्मा विसरला, ते एक. मोजायला बसलो की चाळीस तरी 'एक' सापडतात मला."

"मुख्य 'एक' मी," कोपऱ्यातून आवाज येई.

हा मानाजी. पन्नाशीचा, तंजावरकडचाच मराठा गडी, कदिरवेलनकडे काज-बटणं करी. मतदानाच्या दिवशी दुपारी जेवून, पाच मिनिटं म्हणून कापडाच्या ढिगावर पाठ टेकली, ती संध्याकाळी उचलली. केंद्र बंद झालं होतं.

"ज्याच्या घरचं मीठ खातों त्याला मी झोपून पाडला, राव," तो आमच्या मराठीत हळूच म्हणे. "भातानं डोळा लागला म्हणून भातच सोडला. वर्षभर दुपारचं जेवणार नाही म्हणून नेम केलाय."

आणि खरोखरच तो दुपारी एक केळं खाऊन काजं करत बसे. उपाशीपोटी टाका चुके. दुसऱ्या सदऱ्याची काजं वाकडी आली. चंद्रमौळीरावांनी तो सदरा तसाच अंगात घातला. बटण लावताना प्रत्येक वाकडं काज त्यांच्याकडे पाही. आपलं पाप दुसरा माणूस उपाशी राहून फेडतोय, हे बघत माणूस किती सदरे शिवून घेईल?

तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. नोकरीची तीन वर्षं उरली होती. गोष्ट बाहेर फुटली तर नोकरी, पेन्शन, विद्युलतेचं लग्न, सगळंच त्या पाकिटात. पण खरी भीती ती नव्हती. "ऑफिसची भीती मी गिळली असती," ते मला म्हणाले. "अक्काला सांगायचं कसं?"

शेवटी सांगावं लागलं ते कोटामुळे. शिवायला घरात काही उरलं नाही, तेव्हा चंद्रमौळीराव लोकरी कापड घेऊन आले. मद्रासमध्ये, वैशाखात. ते कापड बघून अक्का पूजा आटोपून मागच्या अंगणात आली, सोवळ्यातच, चार हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "चंद्रू, तू लहानपणी दुधावरची साय खाल्लीस की दिवसभर माझ्यामागे कळशी घेऊन हिंडायचास, पाणी भरायला. आता काय खाल्लंस?"

चार हात लांबूनच त्यांनी सांगितलं. ओला कागद, चार पावलं, पेटी.

अक्काच्या ओल्या लुगड्याचा काठ गळत होता.

"कुठल्या पेटीत म्हणालास?"

"बैलांच्या."

"मला विचारलं नाहीस."

"विचारायचं कायद्यात बसत नव्हतं, अक्का."

"आणि टाकायचं बसत होतं?"

चंद्रमौळीराव कापडाची घडी उलगडून परत घालू लागले.

"मला वाटलं, मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"तेच की," अक्का म्हणाली. "तुला नेहमीच ठाऊक असतं." ती रागावली असती तर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. तिनं फक्त पदर सारखा केला. "चल."

"कुठे?"

"शिंप्याकडे. ते कापड घे बरोबर."

जिनं जन्मात शिवलेलं वस्त्र अंगाला लावलं नव्हतं ती अक्का त्या दिवशी शिंप्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली. पायरीखाली, कुणाला न शिवता. कदिरवेलन मशिनवरून उठला. मानाजीही उठला, आणि भोवळ आल्यासारखा परत बसला.

"अम्मा, तुम्ही?"

"तू मला विचारलं होतंस, मत कुणाला. त्याचं उत्तर द्यायला आले," अक्का म्हणाली. "मी तुला दिलं होतं. पेटीला शिवायला नको म्हणून वरून सोडलं, ते बाहेर पडलं. पुढचं हा सांगेल."

चंद्रमौळीरावांनी पुढचं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी, भर दिवसा, तीन वाक्यांत. नोंद करावी तसं: काय, कुठे, कुणी. मग खिशातून एक कागद काढला. वरिष्ठांच्या नावे लिहिलेला कबुलीजबाब. महिनाभर खिशात होता, घड्यांवर फाटायला आला होता. "हा घेऊन कोर्टात जा. मी सही केली आहे."

कदिरवेलननं कागद वाचला. दोनदा वाचला. गळ्यातली टेप काढून मशिनवर ठेवली, परत गळ्यात घातली. त्याचा चेहरा पाहून चंद्रमौळीरावांना वाटलं, हा आता ओरडेल. ओरडायला हवाच होता.

तो वळला आणि म्हणाला, "मानाजी."

"काय?"

"जा. भात खाऊन ये."

मानाजी हललाच नाही. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो तसाच, पायात चपला न घालता, घराकडे निघाला.

कदिरवेलननं कागदाची घडी घातली आणि चंद्रमौळीरावांच्या खिशात परत सारली. "सार, कोर्टातून कौन्सिलर होऊन मी काय सांगणार लोकांना? की अम्मांची ओंजळ वितीभर हुकली? पुढच्या खेपेला शंभर मतांनी येतो." मग जरा थांबून, तितक्याच शांतपणे म्हणाला, "पण राग आलाय मला, सार. जाईल की नाही माहीत नाही."

"राहू दे," चंद्रमौळीराव म्हणाले.

"कोटाचं माप द्या."

"कोट नको आता."

"द्या," कदिरवेलन म्हणाला. "कापड आणलंय ना?"

त्यानं माप घेतलं. छातीचं घेताना टेप नेहमीपेक्षा जरा जास्त आवळली, असं चंद्रमौळीरावांना वाटलं. कोट शुक्रवारी आला. काजं सरळ होती.

त्यानंतर ते दुसरं काही शिवायला गेले नाहीत. गुन्हा कबूल करून शिक्षा मिळाली नाही की ती माणसाला स्वतःच शोधावी लागते. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या सचोटीवर भाषणं झाली, तेव्हा ते तो कोट घालून घामाघूम बसले होते. लोकांना वाटलं, प्रसंगाचा मान. निवडणूक कुठलीही असो, बासष्टची असो नाहीतर ही, कोट अंगावर चढे.

तर चौसष्ट साल. आता पेटी एकच होती. चिठ्ठीवर शिक्का मारून घडी घालून टाकायची. शाळेबाहेर उभ्या उभ्या चंद्रमौळीरावांनी मला हे सगळं सांगितलं, आणि सांगून झालं तेव्हा गल्लीच्या टोकाला अक्का दिसली. अडुसष्ट वर्षांची, वाकलेली. पण ओलेतं नव्हतं. कोरडं लुगडं होतं. पूजा झाली नव्हती, आंघोळही झाली नव्हती.

"अक्का, पारोशी?" चंद्रमौळीराव दचकले.

"आधी मत, मग आंघोळ," अक्का म्हणाली. "या खेपेला मी शिवणार आहे."

ती आत गेली. दारातून आम्हांला एवढंच दिसलं: कारकुनानं शिक्का वरून सोडायला हात उंच केला, आणि अक्कानं तो त्याच्या हातातून सरळ घेतला. पडद्याआडून बाहेर आली, पेटीपुढे उभी राहिली. घडी फटीत घातली. मग तळहातानं, पोळपाटावर पोळी दाबावी तशी, ती नीट खाली दाबली. आणि आत गेली याची खात्री करायला फटीवरून बोट फिरवलं.

मोजणीत कोण आलं ते सांगायची गरज नाही. शंभरांनी नव्हे, पण आला.

बाहेर येऊन अक्का आमच्याजवळ थांबली. तिनं भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाच वर्षं झाली, चंद्रू. घामानं न्हालास की. काढ तो कोट."

"असू दे, अक्का."

"माझ्यासाठी घातलास, की शिंप्यासाठी?"

उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. आणि या खेपेला त्यांनी ते ठाऊक असल्यासारखं केलं नाही. कुणाला मत दिलंस, हेही विचारलं नाही.

दोघं घराकडे निघाली. अक्का पारोशी होती, सोवळं नव्हतं, तेव्हा शिवायला हरकत नव्हती. तिनं भावाच्या कोटाची बाही धरली होती.